'अंगठा बाहेर ठेव' : ट्रकच्या स्टेअरिंगचा इतिहास, एका अंगणातून

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. घरात कुणी ट्रक चालवत असेल, किंवा कधीकाळी चालवला असेल, तर त्यांनाही वाचून दाखवा.)

मागच्या आठवड्यात बातमीच्या कामाने एका ट्रकमालकाकडे गेलो होतो. धानाचा हंगाम सुरू आहे. आधारभूत खरेदी केंद्रांवरून राईस मिलपर्यंत धान नेणाऱ्या गाड्यांचं कसं चाललंय, भाडं वेळेवर मिळतं का, एवढंच विचारायचं होतं. गोंदिया शहराला लागून असलेल्या वस्तीत त्याचं घर. गाडी एकच. मालक तोच, ड्रायव्हर तोच, आणि त्या दिवशी मिस्त्रीही तोच.

ट्रक अंगणासमोर उभा होता. मागच्या चाकांना दगड लावलेले, समोरचा एक्सल उचललेला, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. बाजूला जुन्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसून सूचना देत होते. वस्तीत त्यांना सगळे मिस्त्रीकाका म्हणतात.

"बसा भाऊ. पावर स्टेरिंगचा पंप गेला. तोच काढून राहिलो," गाडीखालून आवाज आला.

मी म्हटलं, गॅरेजमध्ये का नाही नेली?

"हंगामात नंबर कधी लागते? आन तिथपर्यंत नेऊ कशी? ते स्टेरिंग आता मायाच्यानं फिरत नाई."

बातमी बाजूला राहिली. पुढचे चार तास मी त्या अंगणातच होतो. मिस्त्रीकाका मूळचे ड्रायव्हर. अकरा वर्षं ट्रक चालवून मग मेकॅनिक झाले. पंप हातात घेऊन ते म्हणाले, "हा आला नव्हता ना, तवा आमीच पंप होतो."

त्या एका वाक्यावरून ही पोस्ट लिहितो आहे.

आठ दिवसांचा आवाज

आधी त्या गाडीला काय झालं होतं ते सांगतो. आठ-दहा दिवसांपासून स्टेअरिंग वळवताना समोरून घुर्र असा आवाज येत होता. सकाळी थंड इंजिनावर स्टेअरिंग जड लागायचं, गाडी तापली की थोडं हलकं व्हायचं. याने टाकी उघडून पाहिली, तेल कमी दिसलं, भरलं. दोन दिवसांनी पुन्हा भरलं. गाडी उभी ठेवायची तर केंद्रावरचा माल दुसऱ्याच्या गाडीत जाणार, आणि बँकेचा हप्ता मात्र थांबणार नाही. म्हणून तो चालवत राहिला.

मग एका संध्याकाळी, कोहमाऱ्याकडून येताना, एका गावच्या वळणावर स्टेअरिंग अचानक दगडासारखं झालं. गाडी भरलेली. जितकी वळायला हवी होती तितकी ती वळली नाही. समोर घराच्या बांधकामासाठी टाकलेला रेतीचा ढीग होता, त्यात पुढचं चाक घुसलं आणि गाडी थांबली. त्या ढिगावर थोड्या वेळापूर्वी पोरं खेळत होती. आईने जेवायला हाक मारली म्हणून ती घरात गेली होती.

कुणाला खरचटलंही नाही. पोलिसांत नोंद नाही, पेपरात बातमी नाही. पण हे सांगताना तो गाडीखालून बाहेर आला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पंप बंद पडला म्हणजे स्टेअरिंग तुटलं असं होत नाही. स्टेअरिंगच्या चाकापासून पुढच्या टायरपर्यंतचे दांडे, गिअर, सांधे सगळे जागेवर असतात. गाडी वळते, पण आता सगळी ताकद ड्रायव्हरच्या हाताची लागते. ज्याला रोज दोन बोटांनी फिरवायची सवय झाली आहे, त्याला त्या एका सेकंदात दोन्ही खांद्यांचा जोर आठवत नाही. अपघात होतो तो त्या सेकंदात.

बैलाची ताकद, इंजिनाची ताकद, माणसाची ताकद

आपलं गोंदिया रेल्वेमुळे वाढलेलं गाव. बंगाल-नागपूर रेल्वेची मोठी लाईन, इथून बालाघाट-नैनपूर-जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन, आणि दुसरीकडे नागभीड-चांद्याची. तांदूळ, बिडी, तेंदूपत्ता, लाख, लाकूड, सगळं रेल्वेने बाहेर जायचं. गावातून स्टेशनापर्यंत आणि गिरणीपर्यंत धान यायचा तो बैलगाडीने.

बैलगाडीत ओढणारा बैल आणि वळवणाराही बैलच. गाडीवान कासरा ओढतो, इशारा करतो. वजन वळवण्याची मेहनत जनावर करतं.

ट्रक आला तेव्हा ओढण्याचं काम इंजिनाने घेतलं. वळवण्याचं काम मात्र कुणीच घेतलं नाही. ते माणसाच्या अंगावर आलं.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज आणि फार्गो ट्रक जोडायला सुरुवात केली. मद्रासला अशोक मोटर्स १९४८ साली निघाली, तीच १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. तो करार १५ वर्षांचा होता, १९६९ पर्यंत. ट्रकच्या नाकावरची तीन काड्यांची चांदणी गेली आणि टाटांचा 'टी' आला तरी जुने ड्रायव्हर पुढे कितीतरी वर्षं टाटाच्या ट्रकला 'मर्सडी'च म्हणत.

या गाड्यांच्या इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. पण स्टेअरिंग फिरवायला त्यातली एकही अश्वशक्ती मिळत नसे. म्हणून स्टेअरिंगचं चाक परातीएवढं मोठं ठेवलेलं. चाक मोठं म्हणजे पकडीला लांबी जास्त, जोर कमी लागतो. खालच्या गिअरचे दातेही असे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला पाच-सहा फेरे मारावे लागत. जोर कमी करायचा तर फेरे वाढवायचे, दुसरा उपाय नव्हता. चालत्या गाडीत निभायचं. उभी गाडी वळवायची, राईस मिलच्या अंगणात मागे घ्यायची, धक्क्याला लावायची म्हणजे खरी परीक्षा.

मिस्त्रीकाका सांगतात, पोटाला चाक टेकवून, सीटवरून अर्धं उठून ते फिरवावं लागे. क्लीनर पोरगा बाजूने हात लावायचा. एकाच स्टेअरिंगवर दोन माणसं. गाडी थोडी हलवत ठेवायची, मग फिरवायचं, कारण उभ्या टायरवर ते फिरतच नसे.

आणि पहिल्या दिवशी उस्तादाने त्यांना शिकवलेली पहिली गोष्ट क्लच-ब्रेकची नव्हती. ती होती, "अंगठा बाहेर ठेव."

याचा अर्थ असा. स्टेअरिंग धरताना अंगठा आत, चाकाच्या दांड्यांकडे वळवायचा नाही. टायर खड्ड्यात आदळला की तो झटका उलटा येतो, चाक स्वतःच गरकन फिरतं, आणि आत असलेला अंगठा दांड्याने मोडतो. मिस्त्रीकाकांच्या उजव्या अंगठ्याचं पेर आजही वाकडं आहे. "उस्तादाचं ऐकलं नाई, म्हणून," ते हसून म्हणाले.

आपल्या जिल्ह्यातून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग, आताचा ५३ नंबर, साकोलीहून कोहमारा, देवरी करत छत्तीसगडात जातो. आज तो चौपदरी आहे. एकपदरी डांबराच्या काळात समोरून गाडी आली की दोघांनी आपापलं एक चाक खाली मुरमात उतरवायचं. डांबरावरून मुरमात उतरताना आणि परत चढताना बसणारा प्रत्येक झटका हातात यायचा. असे झटके दिवसातून किती बसले ते कुणी मोजलं नाही. त्याचा हिशेब खांद्यात आणि मानेत जमा होत गेला.

ट्रकसाठी शोध लागला, पण आधी मिळाला दुसऱ्यांना

आता थोडं बाहेर जाऊ. पावर स्टेअरिंगचा शोध अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनियरने लावला. तो पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. त्या कंपनीचे जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात ते त्याने पाहिलेलं. १९२२ साली त्याने नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात लहानसं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि जॉर्ज जेसप नावाच्या कारागिराला सोबत घेऊन कामाला लागला.

तेलाच्या दाबाने वजन हलवणाऱ्या प्रेस त्या काळात होत्याच. पण त्यात तेल सतत दाबाखाली कोंडलेलं असायचं आणि ते गळायचं. डेव्हिसने उलटा विचार केला. तेल कोंडायचंच नाही. पंपातून निघालेलं तेल व्हॉल्व्हमधून आरामात फिरून टाकीत परत येऊ द्यायचं. ड्रायव्हरने स्टेअरिंग वळवलं की तेवढ्यापुरता व्हॉल्व्हने एक रस्ता अडवायचा, म्हणजे दाब तयार होईल आणि हवी त्या बाजूला मदत मिळेल. १९२६ मध्ये त्याची यंत्रणा बसवलेली गाडी रस्त्यावर धावली. आज आपल्या ट्रकमध्ये जे आहे त्याचं मूळ तत्त्व हेच.

पुढची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जनरल मोटर्सने त्यात रस घेतला, पण मंदी आली आणि १९३४ मध्ये ते काम थांबलं. खर्च परवडत नाही, हे कारण. मग महायुद्ध आलं. चिलखती लष्करी गाड्या इतक्या जड की माणसाच्या हाताने वळेनात, तेव्हा हीच यंत्रणा हजारो गाड्यांत बसली. युद्ध संपल्यावर, १९५१ साली, क्रायस्लरने ती आपल्या 'इम्पीरियल' या श्रीमंतांच्या मोटारीत दिली. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळालेली ती पहिली पावर स्टेअरिंगची मोटार.

म्हणजे शोध लागला ट्रक ड्रायव्हरचे हाल पाहून. आधी मिळाला तो रणगाड्यांच्या भावकीला, मग आलिशान मोटारीत बसणाऱ्यांना. मालवाहू ट्रकवाल्याचा नंबर त्यानंतर.

आपल्याकडे किती उशीर?

भारतात अशोक लेलँड कंपनी आपल्या वाटचालीत १९६९ साली व्यावसायिक वाहनांत पावर स्टेअरिंग आणल्याची नोंद सांगते. पण एखादी सोय एका कंपनीत उपलब्ध होणं आणि ती गावच्या ट्रकमध्ये येणं यात मोठं अंतर असतं.

महाराष्ट्राशी याचा जवळचा संबंध आहे. १९८१ साली झेडएफ स्टेअरिंग गिअर इंडिया ही कंपनी निघाली. जर्मनीच्या झेडएफचं तंत्रज्ञान आणि कारखाना पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला माहीत असलेलं तेच वढू. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांची स्टेअरिंग यंत्रणा तिथे बनू लागली. झेडएफचं मूळही मजेशीर आहे. झेपेलिन या अवाढव्य हवाई जहाजांसाठी दातेरी चाकं बनवायला १९१५ साली जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेन गावी ती सुरू झाली.

१९८०च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या लहान मालगाड्या आल्या, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. टाटाची ४०७ आली १९८६ मध्ये. गाड्या चपळ झाल्या, पण पावर स्टेअरिंग बराच काळ जास्तीचे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. आपल्या भागातला छोटा मालक तर नवी गाडी घेतच नसे. नागपूर-रायपूरकडे चार-सहा वर्षं पळालेली गाडी घ्यायची, बॉडी दुरुस्त करायची आणि धानाला लावायची. त्यामुळे मोठ्या शहरात आलेली सोय आपल्याकडे यायला आणखी एक पिढी लागली.

उशीर का झाला, याचं माझ्या मते सरळ उत्तर आहे. पंपाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात, आणि पंप नसल्याची किंमत ड्रायव्हरच्या खांद्यातून जाते. ज्याच्या खिशातून जात नाही त्याला घाई नसते. पंप इंजिनाकडून काय मागतो, तर पूर्ण जोर लागतो तेव्हा तीन-चार अश्वशक्ती. शंभरातल्या तीन-चार. एवढं द्यायला आपण इतकी वर्षं घेतली.

कायद्याकडे पाहा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास असं त्यात लिहिलं होतं. चांगला कायदा. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक क्लीनर असलेला आपल्या वस्तीतला ट्रक त्यात बसतच नव्हता.

आणि एक आकडा. २०१८ साली केंद्राने ट्रकच्या एक्सलवरचा भार वाढवला. पुढच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या एक्सलवर ६ टनांची मर्यादा होती, ती ७ झाली. सहा चाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. मालवाहतुकीला ते सोयीचं असेलही. पण पुढच्या चाकांवरचा तो वाढलेला टन कुणाच्या हातात येतो? पंप चांगला असेल तर पंपाच्या. पंप गेला तर त्या रेतीच्या ढिगासमोर बसलेल्या माणसाच्या.

पंपाने आणखी एक गोष्ट केली. 'बायांच्या हातात एवढी ताकद कुठे' हे कारण त्याने काढून घेतलं. २०१९ मध्ये एसटी महामंडळाने महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात आदिवासी मुली होत्या. २०२३ साली एसटीची प्रवासी बस बाईच्या हाताने धावली. मोठ्या गाडीचं स्टेअरिंग दोन बोटांनी फिरायला लागल्यावर ते कारण उरतच नाही. उरतात ती बाकीची कारणं, आणि ती गाडीतली नाहीत.

अंगणातलं काम

आता त्या दिवशी अंगणात काय झालं ते. हे लिहितो ते लोकांनी घरी प्रयोग करावेत म्हणून नाही. या कामात किती डोकं लागतं ते कळावं म्हणून.

पंप तसा नारळाएवढा. काही गाड्यांत तो पट्ट्यावर फिरतो, काहींत थेट इंजिनाच्या गिअरवर. आत एक गोल रोटर, त्याला खाचा, खाचांत सुट्या पात्या. रोटर फिरला की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि भोवतीच्या लांबट कड्याला घासत तेल ओढतात आणि ढकलतात. पात्यांची धार गेली, कडं घासलं, सील फाटलं की दाब कमी होतो आणि तो घुर्र आवाज सुरू होतो.

आधी मिस्त्रीकाकांनी काम थांबवलं ते जॅकवरून. याने नुसत्या जॅकवर गाडी उचलली होती, तीही मातीत. "बाहेर ये आधी," ते एवढ्या जोरात ओरडले की मीही उभा राहिलो. जॅकखाली जाड फळी, एक्सलखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी घोडे, आणि मगच खाली जायचं. त्यांचा एक सोबती अशाच उचललेल्या गाडीखाली गेला, परत बाहेर आला नाही. त्या दिवसातलं हे एकच वाक्य त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

मग बॅटरीची तार सोडली. तेल थंड झाल्यावर टाकी घमेल्यात रिकामी केली. पाइप सुटले तशी त्यांची तोंडं प्लास्टिकने बांधली, कारण कचऱ्याचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला की सगळी मेहनत वाया. पंप निघाला. मिस्त्रीकाकांनी घमेल्यातलं तेल उन्हात धरलं. तेलात चांदीसारखी चकाकी होती.

"हे पाय. पात्या झिजून भुगा झाला. हा भुगा पाइपात आहे, टाकीत आहे, बॉक्समध्ये आहे. नवा पंप असाच बसवशील तर महिनाभरात तोबी जाईन."

म्हणून टाकी धुतली, फिल्टर बदलला, नव्या तेलाने पाइप आणि स्टेअरिंग बॉक्स धुऊन काढला. नवा पंप बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी ठेवून पाहिला. फिरण्याची दिशा तीच आहे ना, दाब तेवढाच आहे ना, हे पंपावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. दिसायला सारखा पण उलटा फिरणारा पंपही बाजारात मिळतो, आणि तो बसतोही. फक्त चालत नाही. तांब्याचे वायसर नवे, रबराची कडी नवी. दाबाच्या पाइपाच्या जागी साधा पाइप चालणार नाही, कारण तिथला दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो.

शेवटी हवा काढायची. पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं, टाकीत तेल घालत राहायचं. मग इंजिन हळू चालू करून पुन्हा तेच. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, तेल उकळतं. टाकीतला फेस बसला की समजायचं हवा गेली. "हवा राह्यली तर म्हशीवानी हंबरते," मिस्त्रीकाका म्हणाले.

काढलेलं तेल त्याच्या पोराने नालीत ओतायला उचललं होतं. मिस्त्रीकाकांनी ते डब्यात भरायला लावलं. नाली जाते बोडीत, आणि बोडीवर गुरं येतात.

हे ज्ञान कुठे लिहिलेलं आहे?

चार तासांत जे पाहिलं ते कुठल्या मराठी पुस्तकात मला सापडलेलं नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, चांगला आहे. पण मिस्त्रीकाकांसारख्यांनी तो केलेला नाही. ते शिकले झाडाखाली, उस्तादाच्या शिव्या खाऊन. पान्यांची नावं हिंदी, पार्टची नावं इंग्रजी, शिव्या मराठी. ट्रक ज्या वेगाने आपल्याकडे आले त्या वेगाने शाळा आल्या नाहीत, म्हणून झाडाखालच्या या शाळा तयार झाल्या. गेली पाच-सहा दशकं आपल्या भागातला धान, तांदूळ, वीट, रेती याच शाळांच्या भरवशावर हलली.

याला आपण सहज 'जुगाड' म्हणतो. मला तो शब्द आता खटकतो. भुगा पाहून टाकी धुवायला लावणारा माणूस जुगाड करत नाही, निदान करतो.

पण उलट बाजूही लिहिली पाहिजे. घरच्या अंगणात, मातीत, अर्ध्या उजेडात ट्रकखाली शिरणं हे कौतुकाचं काम नाही. त्या दिवशी मिस्त्रीकाका खुर्चीवर नसते तर? तो गडी नुसत्या जॅकवर गाडीखाली होता. घरी दुरुस्ती करणाऱ्याच्या हुशारीचं कौतुक करून मोकळं होणं म्हणजे त्याला त्या जॅकखाली एकटं सोडणं.

गाड्या बदलत आहेत. नव्या ट्रकमध्ये सेन्सर, संगणक आले. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या कॅबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. ड्रायव्हरच्या अंगाला त्रास होतो हे नियमात आलं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो नियम नव्या गाडीला. आपल्या वस्तीत ती गाडी यायला पुन्हा तीच चार-सहा वर्षं. आणि तेव्हा ती पान्याने उघडेल की फक्त कंपनीच्या लॅपटॉपने? ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून जे पोर्टल सुरू केलं त्यात वाहनंही आहेत. त्या हक्काची भाषा मोबाइल आणि फ्रिजपुरती राहू नये. दुरुस्तीची माहिती मराठीत, ट्रकवाल्याच्या हातात आली पाहिजे.

माझी मागणी छोटी आहे. १ मे १९९९ ला आपला जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तेव्हापासून रस्ते झाले, पूल झाले, पाट्या लागल्या. आता बाजार समितीजवळ किंवा महामार्गालगत एक पक्क्या फरशीची शेड करा. वर छत, दिवा, गाडी उचलायचे मजबूत घोडे, वापरलेलं तेल टाकायला टाकी. नाममात्र भाड्याने गाडी लावायची, आपल्या हाताने किंवा आपल्या मिस्त्रीकडून काम करायचं. आयटीआयच्या पोरांनी आठवड्यातून एक दिवस तिथे यावं आणि अशा म्हाताऱ्या मिस्त्र्यांना मास्तर म्हणून मानधन द्यावं. ते गेले की ही शाळा कायमची बंद होईल.

शेवटी

अंधार पडता पडता गाडी खाली उतरवली. मालकाने मिस्त्रीकाकांना म्हटलं, तुम्हीच फिरवून पाहा. ते नको नको म्हणत वर चढले. उभ्या गाडीत, मातीवर, त्यांनी स्टेअरिंग एका हाताने डावीकडे नेलं, मग उजवीकडे. टायर सहज वळले. आवाज नाही.

मी खालून पाहत होतो. इतकं हलकं स्टेअरिंग, झटका येण्याचा प्रश्नच नाही, तरी त्यांचा वाकडा अंगठा चाकाच्या बाहेरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी केंद्रावर गेली. मालकाचा फोन आला, "त्या गावावरून गेलो भाऊ. हळू नेली. पोरं ढिगावरच होती."

तुमच्या घरात, वस्तीत जुने ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री असतील तर त्यांच्याजवळ बसा. कोणती गाडी, कोणता रस्ता, कोणता उस्ताद, हे विचारा आणि खाली लिहा. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास कुठल्याही दफ्तरात ठेवलेला नाही. तो या माणसांच्या हातात आहे, आणि त्यातले बरेच हात आता थकले आहेत.